गेलिक फुटबॉल: फॉरमॅट बदलला, पण लहान काउंट्यांचं काय?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ च्या शेवटच्या रविवारी डब्लिनच्या क्रोक पार्कवर केरीने डोनेगॉलला १-२६ विरुद्ध ०-१९ असं हरवलं आणि ऑल-आयर्लंड गेलिक फुटबॉलचं ३९ वं विजेतेपद खिशात घातलं. (गेलिक म्हणजे आयर्लंडचा स्वतःचा फुटबॉल, सॉकर नव्हे. पहिला आकडा गोलचा, एक गोल म्हणजे तीन पॉइंट, दुसरा आकडा बारच्या वरून मारलेल्या पॉइंट्सचा.) आपल्याकडच्या पेपरांत याची बातमी आली तर चार ओळींची येते. पण आता आयर्लंडमध्ये मराठी कुटुंबं भरपूर आहेत, आमची पोरं इथल्या क्लबात खेळतात, माझा मुलगाही खेळतो, आणि या खेळात सध्या जो वाद चाललाय तो क्रीडा पान वाचणाऱ्या कुणालाही पटकन समजेल असा आहे, म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांबेल, पण शक्य असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

आधी खेळाची रचना सांगतो, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. आयर्लंडच्या बेटावर ३२ काउंट्या (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या), त्यातल्या सहा नॉर्दर्न आयर्लंडमध्ये, आणि चार प्रांत: अल्स्टर, लेन्स्टर, मन्स्टर, कॉनॉट. १८८४ साली स्थापन झालेली जीएए ही संघटना हा खेळ चालवते आणि खेळाडूंना पगार नसतो. म्हणजे खरंच नसतो. ८२ हजार लोकांसमोर फायनल गाजवणारा केरीचा डेव्हिड क्लिफर्ड हा शाळेत शिक्षक आहे. आणि ज्या काउंटीत तुम्ही वाढलात, ज्या क्लबात खेळलात, त्याच काउंटीकडून खेळायचं, लिलाव नाही, ट्रान्सफर मार्केट नाही, ड्राफ्ट नाही. त्यामुळे डब्लिन काउंटीत साडेचौदा लाख लोक आणि लीट्रिममध्ये जेमतेम ३५ हजार, तरी दोघांनी आपापल्या घरचे १५ जण काढायचे आणि एकाच कपासाठी भिडायचं. मला या खेळात सगळ्यात जास्त आवडते ती हीच गोष्ट, आणि सगळी अडचणही इथूनच सुरू होते. आयपीएलमध्ये तळाची टीम पुढच्या लिलावात सावरू शकते. लीट्रिमला तो रस्ताच नाही. मग लहान काउंटीला वर यायला मदत करायची तर हातात दोनच गोष्टी उरतात, स्पर्धेचा फॉरमॅट आणि कोचिंगसाठीचा पैसा. माझं म्हणणं एवढंच आहे की गेली पंचवीस वर्षं जीएए फॉरमॅटची डागडुजी करतेय पण चुकीच्या जागी.

२००० पर्यंत सरळ नॉकआउट होतं. प्रांतात एक मॅच हरलात की वर्ष संपलं, लहान काउंट्या मे महिन्यात एक मॅच खेळून घरी. हे अन्यायाचं आहे म्हणून २००१ पासून क्वालिफायर आणले, इथे त्याला 'बॅकडोअर' म्हणतात. लहानांना आणखी एक मॅच मिळावी हा हेतू चांगलाच होता. पण त्या मागच्या दाराने कप कोणी नेला बघा: २००१ गॉलवे, २००५ आणि २००८ टायरोन, २००६ आणि २००९ केरी, २०१० कॉर्क. यातलं कुणी लहान नाही. दुसरी संधी सगळ्यांना सारखीच दिली तरी ती वापरायची ताकद ज्याच्याकडे मोठा स्क्वॉड आहे त्याच्याकडेच असते, एक वाईट दिवस पचवून पुढच्या आठवड्यात उभं राहणं केरीला जमतं, लाँगफर्डला जमत नाही. अगदी यंदाचंच घ्या ना, ग्रुपमध्ये मीथने केरीला चांगलं नऊ पॉइंटने धुतलं होतं. जुन्या नॉकआउटमध्ये हा पराभव केरीला महागात पडला असता. यंदा केरीने प्रिलिमिनरी क्वार्टर फायनल खेळली, कॅव्हनला हरवलं, मग गतविजेत्या आर्माला, मग टायरोनला, आणि शेवटी कप घरी. केरी यंदा जिंकायच्याच लायकीची टीम होती, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण हा फॉरमॅट मोठ्यांचा विमा काढणारा आहे एवढं तरी मान्य करा.

२०२३ ते २०२५ जे ग्रुप होते त्यांचं गणित तर डोकं फिरवणारं होतं, चार टीमचे चार ग्रुप, प्रत्येक ग्रुपमधून तीन पुढे. म्हणजे २४ मॅच खेळवायच्या आणि बाहेर किती टीम काढायच्या तर चार! लोक तिकीट काढून का येतील? त्या मॅचना स्टँड रिकामे दिसायचे, टीव्हीवरही ते लपत नव्हतं.

खरी गाठ आहे ती प्रांतांची. मन्स्टरमध्ये १९३६ पासून आजपर्यंत केरी आणि कॉर्क सोडून फक्त दोनदा दुसरं कोणी जिंकलंय, १९९२ ला क्लेअर आणि २०२० ला टिपरेरी. लेन्स्टरमध्ये डब्लिनने २०११ ते २०२४ ओळीने १४ वेळा जिंकलं. उलट अल्स्टरमध्ये नऊ काउंट्या आणि जवळजवळ प्रत्येक मॅच जिवाची बाजी. यंदा डोनेगॉलला अल्स्टर जिंकायला चार मॅच खेळाव्या लागल्या, फायनलमध्ये आर्माला एक्स्ट्रा टाइममध्ये एका पॉइंटने हरवलं, आणि केरीला मन्स्टर जिंकायला दोन मॅच. दोघांचं पुढचं बक्षीस मात्र सारखंच.

आणि प्रांताची फायनल गाठली की मुख्य स्पर्धेत, म्हणजे सॅम मॅग्वायर कपच्या १६ टीममध्ये थेट जागा. बाकीच्या जागा लीगच्या, म्हणजे जानेवारीअखेरीस सुरू होणाऱ्या चार डिव्हिजनच्या वेगळ्या स्पर्धेच्या, क्रमवारीवर. यातून काय होतं ते २०२३ ला दिसलं. स्लायगो तेव्हा लीगच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या डिव्हिजनमध्ये होतं. कॉनॉटमध्ये पाच काउंट्या आणि जोडीला लंडन अन् न्यूयॉर्क खेळतात (परदेशातले आयरिश लोक). स्लायगोने लंडनला हरवलं, न्यूयॉर्कला हरवलं, कॉनॉटच्या फायनलला पोचले आणि सॅम मॅग्वायरमध्ये जागा पक्की. त्याच वर्षी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळलेलं मीथ खालच्या टेल्टन कपमध्ये गेलं आणि तो जिंकलं. स्लायगोच्या पोरांचा यात काही दोष नाही, समोर जो आला त्याला त्यांनी हरवलं. पण भूगोलावर जागा ठरणार असेल तर वर्षभर लीगमध्ये घाम गाळायचा कशाला हा प्रश्न मीथच्या माणसाने विचारला तर त्याला उत्तर काय द्यायचं?

आता कोणी म्हणेल की यंदा लाऊथ जिंकलं की लेन्स्टर! बरोबर, १९५७ नंतर पहिल्यांदा. मीथने सेमीफायनलला डब्लिनला बाहेर काढलं आणि फायनलला लाऊथने मीथला हरवलं, २०१० च्या फायनलमध्ये शेवटच्या क्षणी हाताने रेषेपार टाकलेला मीथचा गोल ज्यांच्या डोक्यात पंधरा वर्षं बसला होता त्या लाऊथच्या माणसांचं त्या दिवशी काय झालं असेल ते मी लिहू शकत नाही. मलाही तो दिवस फार आवडला. पण लाऊथ तिथे कसं पोचलं ते नीट बघायला हवं. २०२१ ला लाऊथ चौथ्या डिव्हिजनमध्ये होतं. मॅनेजर मिकी हार्टच्या हाताखाली तिथून बढती, पुढच्या वर्षी तिसऱ्यातून बढती, म्हणजे दोन वर्षांत दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. २०२३ ची लेन्स्टर फायनल डब्लिनकडून २१ पॉइंटने हरले. २०२४ ला परत फायनल, परत डब्लिन, यावेळी फरक फक्त ४. आणि २०२५ ला कप. लाऊथ वर आलं ते लीगच्या शिडीने, दर आठवड्याला आपल्या बरोबरीच्या किंवा एक पायरी वरच्या टीमशी खेळून. म्हणून लाऊथचं उदाहरण प्रांतांच्या बाजूने देणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही, ते लीगच्या बाजूचं उदाहरण आहे.

आपल्याकडे रणजी ट्रॉफी झोनवर चालायची तेव्हाचं आठवा. मुंबईने १९५८-५९ पासून ओळीने १५ वेळा जिंकली. २००२-०३ पासून एलिट आणि प्लेट आले, गुणवत्तेवर चढउतार आली, आणि ज्या विदर्भाला कोणी धरत नव्हतं तो विदर्भ २०१७-१८ ला आणि लगेच पुढच्या वर्षी चॅम्पियन झाला. निव्वळ फॉरमॅटमुळे झाला असं मी म्हणत नाही, नागपुरात अकादमीचं कामही झालं. पण दोन्ही लागतं.

जीएएला हे कळत नाही असंही नाही. त्यांच्याच हर्लिंगमध्ये (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) पाच पायऱ्या आहेत, पाच वेगवेगळे कप, जिंकणारा वर जातो, आणि कुणाची काही तक्रार नाही. फुटबॉलमध्ये मात्र ऑक्टोबर २०२१ च्या स्पेशल काँग्रेसमध्ये (जीएएची विशेष सभा) 'प्रपोजल बी' आला, प्रांतांच्या स्पर्धा वसंतात स्वतंत्र खेळवायच्या आणि उन्हाळ्यातली चॅम्पियनशिप लीगवर करायची, तर त्याला ५०.६ टक्के मतं पडली आणि नियमाप्रमाणे ६० हवी होती, झालं, बारगळलं. त्यात खोट होती हे खरं आहे, पहिल्या डिव्हिजनमधली सहावी टीम बाहेर आणि चौथ्या डिव्हिजनची विजेती आत असा प्रकार होता. पण ती खोट दुरुस्त करता आली असती की. निम्म्याहून जास्त लोकांना बदल हवा होता, आणि नंतर तो विषय नेटाने परत कोणी आणलाच नाही.

त्याऐवजी २०२६ पासून काय, तर ग्रुप रद्द, १६ टीमची पहिली फेरी, जिंकणारे एका बाजूला आणि हरणारे दुसऱ्या बाजूला, प्रत्येकाला निदान दोन मॅच. ग्रुपपेक्षा हे शंभर पटीने बरं, प्रत्येक मॅचला काहीतरी पणाला लागेल. पण १६ मध्ये कोण, हे अजूनही प्रांतांच्या फायनलवर ठरणार आणि पहिल्या फेरीत घरच्या मैदानाचा फायदाही प्रांतांच्या फायनलिस्टनाच. म्हणजे मूळ दुखणं आहे तिथेच.

टेल्टन कपबद्दलही दोन शब्द. कल्पना उत्तम, माझा पूर्ण पाठिंबा. पण २०२३ मीथ, २०२४ डाऊन, २०२५ किल्डेअर. मीथकडे सात ऑल-आयर्लंड आहेत, डाऊनकडे पाच, किल्डेअरने १९२८ ला सॅम मॅग्वायर कप सगळ्यात आधी उचललाय. घसरलेली मोठी घराणी येऊन लहानांचा कप नेतात कारण लीगमधली जागा आणि चॅम्पियनशिपमधली जागा यांचा मेळ नाही.

आणि लीट्रिम. यंदा जानेवारीत लीट्रिमला फरमॅनाविरुद्धची लीगची मॅच सोडून द्यावी लागली, दुखापती आणि खेळाडूच कमी, टीमच उभी राहीना. पोरं शिकायला आणि नोकरीला डब्लिनला जातात, कामावरून सुटल्यावर मधल्या वारी दोन-दोन तास गाडी चालवत गावाकडे ट्रेनिंगला जायचं आणि रात्री परत, एक पैसा न घेता, किती वर्षं करणार? हीच काउंटी १९९४ ला कॉनॉटची चॅम्पियन होती, १९२७ नंतर पहिल्यांदा. अशा काउंटीला क्रोक पार्कवर डब्लिनकडून वीस पॉइंटने हरवून घेण्याची 'संधी' नकोय, तिला कोच हवेत, प्रवासखर्च हवा, आणि जूनमध्ये जिंकता येईल अशा मॅच हव्यात.

इथे पैशाचा मुद्दा येतोच. २००५ च्या आसपासपासून डब्लिनला कोचिंगसाठी मध्यवर्ती निधीतून इतरांपेक्षा कितीतरी जास्त पैसा मिळत गेला, क्लबागणिक पगारी कोच आले, आणि पुढे २०१५ ते २०२० ओळीने सहा ऑल-आयर्लंड. ती टीम असामान्य होतीच, निव्वळ पैशाने तसे खेळाडू घडत नाहीत. पण पैशाचा संबंधच नाही असं म्हणणंही पटत नाही. डब्लिनचे दोन तुकडे करा असं काही लोक म्हणतात, मला ते मुळीच मान्य नाही, काउंटी म्हणजे लोकांची ओळख आहे, ती कापून समतोल आणायचा नसतो. वाटप आता हळूहळू बदलतंय, ते वेगाने बदला. माझ्या मुलाच्या वयोगटात जीएएचाच नियम आहे, बारा वर्षांखाली कप नाही, टेबल नाही, प्रत्येक पोराला पूर्ण खेळायला मिळालंच पाहिजे. मागच्याच महिन्यात त्यांच्या मॅचला समोरच्या क्लबची दोन पोरं कमी होती तर आमच्या कोचने काही न बोलता आपली दोन पोरं तिकडच्या जर्सीत पाठवली आणि मॅच झाली. जे दहा वर्षांच्या पोरांसाठी कळतं ते काउंटीसाठीही कळायला हवं.

मला हवंय ते थोडक्यात असं: प्रांतांच्या स्पर्धा ठेवा, त्यांचे कप ठेवा, अल्स्टर फायनलची गर्दी कुणालाच घालवायची नाहीये, पण त्यावर पुढची जागा ठरवू नका. सॅम मॅग्वायरच्या १६ आणि टेल्टनच्या बाकीच्या टीम फक्त लीगवर ठरवा, टेल्टन जिंकणाऱ्याला पुढच्या वर्षीची बढती आहे तशीच ठेवा.

संपादकसाहेब, जानेवारीअखेरीस लीग सुरू होते आणि जुलै २०२६ ला नव्या फॉरमॅटची पहिली फायनल आहे. लीगच्या चार डिव्हिजनची टेबलं आठवड्यातून एकदा जरी क्रीडा पानावर कोपऱ्यात छापलीत तर इथल्या मराठी घरांतली पोरं ती आजीआजोबांना फोनवर वाचायला सांगतील, आणि त्यात लीट्रिम कुठे आहे ते मी पहिलं बघेन.

आपला नियमित वाचक,
डब्लिन, आयर्लंड