ॲनाटॉमीच्या मॅडमना उघडं पत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी हा नर्सिंगच्या पहिल्याच सेमिस्टरचा विषय. पोरींची दांडी तिथेच गुल होते आणि खापर फुटतं त्यांच्या इंग्रजीवर. २०६ हाडांची नावं उतरवून घ्या, आकृती काढा, जर्नलवर सही घ्या, झाला पोर्शन! सांगाडा कपाटात, किल्ली ऑफिसात. तुमच्या आधी ज्यांनी हा विषय 'संपवला', त्यांच्याबद्दल इतकंच. जास्त लिहिलं तर अख्खं पत्र त्यांच्याच वाट्याला जाईल.

तुम्ही सुरुवात केलीत इंजेक्शनच्या जागेपासून. "नितंबाचे चार भाग करा, वरच्या बाहेरच्या भागात टोचा" हे सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो तो भाग आखताना. डोळ्यांना दिसतो तो नुसता मांसल उंचवटा. त्याचेच चार भाग केले की 'वरचा बाहेरचा' कोपरा खाली सरकतो, पायात उतरणाऱ्या मोठ्या नसेच्या, सायटिक नर्व्हच्या अंगाला. तिला इजा झाली तर पाऊल लुळं पडू शकतं. वरची रेघ कमरेच्या हाडाच्या धारेवर, इलियॅक क्रेस्टवर हवी, हे तुम्ही येईपर्यंत कोणी बोललंच नव्हतं.

त्याहून सुरक्षित जागा खुब्याच्या बाजूची, व्हेंट्रोग्लुटिअल. ती शिकवताना तुम्ही जे केलंत, त्यासाठी हा पत्रप्रपंच. पुतळ्यावर हाड नीट हाताला लागत नाही आणि एकमेकींच्या कमरेला हात लावायला मुली लाजतात. तुम्ही सरळ डेमोच्या कॉटवर कुशीवर आडव्या झालात, वरचा गुडघा वाकवलात आणि म्हणालात, "या एकेक. आधी विचारायचं, मग हात लावायचा."

डाव्या खुब्याला उजवा हात. तळव्याचा मनगटाकडचा भाग मांडीच्या हाडाच्या वरच्या बाहेरच्या उंचवट्यावर, ग्रेटर ट्रोकँटरवर, अंगठा जांघेकडे, तर्जनी कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर, मधलं बोट क्रेस्टच्या कडेने मागे. दोन बोटांमधल्या 'व्ही'च्या मध्यात सुई, काटकोनात. ज्यांना हाड सापडेना त्यांच्यासाठी तुम्ही पाय आत-बाहेर फिरवत राहिलात, तळव्याखाली ट्रोकँटर हलल्याचं कळेपर्यंत. हात लहान असला की तर्जनी पोहोचवायच्या नादात तळवा वर सरकतो आणि सुई हाडाच्या धारेवर जायची वेळ येते. तो तळवा तुम्ही धरून जागेवर आणलात: "बोट पोहोचलं नाही तरी चालेल, रोख तिकडे हवा." शेवटच्या मुलीचा नंबर होईस्तोवर तुम्ही उठला नाहीत.

शिकणाऱ्यांच्या चाचपडत्या हाताखाली स्वतःचं अंग देणारी माणसं फार नसतात, मॅडम. वॉर्डात पडदा न ओढता, एका शब्दाने न विचारता पेशंटची कूस वळवणारे मात्र रोज दिसतात. "काकू, हात लावू का?" याला परीक्षेत मार्क नाहीत. पण असं विचारलं की घाबरलेलं माणूस अंग सैल सोडतं, आणि स्नायू सैल असला की सुईही कमी दुखते.

बकऱ्याच्या दिलाचं प्रॅक्टिकलही तसंच. "चिरू नको, वरच्या नळ्या लांब ठेव" हे मटणवाल्याला आधीच बजावायचं, नाहीतर सवयीने तो सुरी फिरवतो. गुठळ्या धुऊन हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीत, एओर्टात, वरून पाणी ओतलं की झडप मिटते आणि पाणी वरच थांबतं. पातळी हळूहळू उतरते, कारण झडपेच्या वरूनच कोरोनरी धमन्या निघतात आणि पाणी त्यांत शिरतं. हृदयाला स्वतःचं रक्त कुठून मिळतं, ते असं दिसतं. मग चिरून पाहायचं: डाव्या व्हेंट्रिकलची (खालच्या कप्प्याची) भिंत उजवीच्या सुमारे तिप्पट जाड.

मनापासून आभार. पुढच्या बॅचला मूत्रपिंड दाखवणार असाल तर कळवा. भोवतालच्या चरबीसकट, युरेटर (मूत्रनलिका) न कापलेलं आणून द्यायचं काम आमच्याकडे.

तुमच्या विद्यार्थिनी