तुझी प्रत माझ्याकडेच आहे

पुणे,
१३ जुलै २०२५

प्रिय शुभा,

परवा फोनवर तू विचारलंस, "लंपन परत वाचावा का गं? हात लावायची भीती वाटते." मी नुसतं "वाच की" म्हणाले आणि फोन ठेवला. ह्यांना औषधं द्यायची वेळ झाली होती. पण ते काही उत्तर नव्हे. तुला कसली भीती वाटते ते मला कळलं होतं. मीसुद्धा 'वनवास', म्हणजे प्रकाश नारायण संतांचं लंपन या मुलाच्या कथांचं पहिलं पुस्तक, वीसेक वर्षं कपाटात नुसता ठेवला होता. घर बदललं की तो पहिल्या खोक्यात जायचा आणि नव्या घरी सगळ्यांत आधी बाहेर यायचा, पण उघडला कधी नाही. गेल्या महिन्याभरात मात्र चारही पुस्तकं वाचली. म्हणून आज रविवारचं सगळं आवरून बसले आहे लिहायला.

आधी एक सांगून टाकते. 'वनवास'ची ती प्रत तुझी आहे. तुझ्या बाबांनी घातलेलं खाकी कव्हर अजून आहे, पाठीच्या बाजूनं तेवढं विरलंय. आतल्या पानावर तुझं नाव, त्याखाली 'मे १९९६', आणि कोपऱ्यात माझ्या अक्षरात 'वाचून परत देणे'. मी दिली नाही आणि तूही मागितली नाहीस. मधल्या एका पानावर जांभळाचा डाग आहे. अंगठ्याएवढा. तो तुझा की माझा ते आता कोण सांगणार?

बेळगावातल्या तुझ्या घराची मागची पडवी आठवते? दहावीची परीक्षा संपलेली, निकाल लागायचा होता, आणि आपण एक पान तू, एक पान मी असं मोठ्यानं वाचत होतो. दुसऱ्या रेल्वे फाटकावरून गाडी जायला लागली की काही ऐकू यायचं नाही. मग वाचणारीनं ओळीवर बोट ठेवून थांबायचं आणि गाडी गेली की तिथूनच पुढे. परवा वाचताना एका पानावर माझं बोट आपोआप थांबलं. इथे गाडीबिडी काही नव्हती, नुसती सवय. तीस वर्षं बोटांत राहिलेली.

तेव्हा आपल्याला वेड कशानं लावलं, याचा मी आता नीट विचार केला. गोष्टी छान आहेत वगैरे होतंच. पण खरी गोष्ट भाषेची होती. शाळेच्या पुस्तकातलं मराठी वेगळं आणि आपल्या घरातलं वेगळं, हे आपल्या अंगात इतकं मुरलं होतं की छापतात ते पुण्याचंच, असं आपण धरून चाललो होतो. वाक्याच्या शेवटी 'की' लावून, कानडीच्या हेलात बोलायचं ते फक्त घरात आणि गल्लीत. पुण्याच्या आत्या आल्या की मी गप्प बसायचे, कारण त्या "परत म्हण, परत म्हण" करायच्या. आणि इथे सीमाभागातला एक मुलगा, त्याची आजी, त्याची शाळा, त्याचे मित्र, सगळे तसंच बोलत होते, पुस्तकात, मौज प्रकाशनाच्या देखण्या छपाईत! तू उठून पुस्तक आईला दाखवायला आत पळाली होतीस. मला अजून दिसतं ते.

आणि 'मॅड', लंपनचा तो लाडका शब्द! त्या उन्हाळ्यात आपल्याला सगळंच मॅड होतं. ऊन मॅड, निकाल मॅड, तुझी मावशी मॅड. लंपन मनातल्या मनात अवाढव्य आकडे मोजतो तसे आपणही मोजायचो. साधं 'खूपदा' म्हणायचं नाही, काहीतरी हजार, काहीतरी शे आणि वर सात वेळा.

आता वाचताना एक लक्षात आलं. आपण दोघी मुली असून लंपनची मैत्रीण सुमी कधी झालो नाही. दोघीही लंपनच झालो. सुमीकडे आपण त्याच्याच डोळ्यांनी बघत होतो आणि त्याच्याइतक्याच गोंधळून जात होतो. तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. आताही वाटत नाही. प्रकाश नारायण संतांनी त्या मुलाचं मन इतकं उघडं ठेवलंय की आत जाताना मुलगा की मुलगी असं कुणी विचारत नाही.

आता जे फोनवर सांगता आलं नाही ते.

ह्यांचं ऑपरेशन झालं तेव्हाच सासूबाईही पडल्या, आणि माझी रजा संपलेली. नकुलला आम्ही बेळगावला आईकडे ठेवलं. एका वर्षासाठी. जूनच्या सुरुवातीला त्याचं नाव तिथल्या शाळेत घातलं. अकरा वर्षांचा आहे. रात्रीच्या बसनं मी परत निघाले तेव्हा तो आईबरोबर स्टँडवर आला होता. रडला नाही. बसच्या खिडकीखाली उभा राहून मला सारखं बसचा नंबर, मग ड्रायव्हरचा शर्ट, मग समोरच्या दुकानाची पाटी, असं काहीबाही दाखवत होता. बस हलली तसा तो चार पावलं बसबरोबर चालला आणि थांबला. मी हात हलवायच्याऐवजी पर्समध्ये तिकीट शोधत बसले. तिकीट हातातच होतं.

घरी आले आणि त्याच रात्री 'वनवास' काढला.

शुभा, आठवतं, पंधराव्या वर्षी आपण लंपनच्या आईवर किती चिडलो होतो? आईबाबा आणि भावंडं एका गावी आणि हा एकटा आजी-आजोबांकडे. 'पाठवलंच कसं' हे एकच आपण धरून बसलो होतो. पडवीत आपण निकालच देऊन टाकला होता की ती कठोर आहे. मी हा निकाल इतकी वर्षं मनात जपून ठेवला होता, आणि त्या रात्री तो माझ्याच अंगावर आला.

पण पुस्तकात तो निकाल नाहीच गं. मी शोधला. पान न् पान शोधलं. लंपनला आई हवी असते, तिची आठवण त्याला कुठेही गाठते, पण तो तिच्यावर आरोप ठेवत नाही. आणि लेखकही कुठे पुढे होऊन सांगत नाही की हे चुकलं किंवा हे बरोबर होतं. मुलाला जेवढं दिसतं तेवढंच लिहितो. आईच्या मनात काय होतं ते मुलाला दिसत नाही, म्हणून पुस्तकातही नाही. पण तिची जागा मोकळी सोडलेली आहे. पंधराव्या वर्षी मला ती रिकामी वाटली. आता मी तिथेच जाऊन बसले.

मग संतांबद्दल जे ठाऊक होतं ते सगळं वेगळं दिसायला लागलं. ते कवयित्री इंदिरा संतांचे, आपल्या इंदिराबाईंचे चिरंजीव, हे आपल्याला बेळगावात कुणी मुद्दाम सांगावं लागलं नव्हतं. वडील ना. मा. संत, तेही कवी. दोघांचा मिळून 'सहवास' हा संग्रह १९४० साली निघाला आणि १९४६ साली वडील गेले. इंदिराबाईंचा जन्म १९१४चा. म्हणजे बत्तीसाव्या वर्षी हे. मुलगा १९३७चा, नऊ वर्षांचा. 'शेला' आणि 'मेंदी' या संग्रहांतलं जे एकटेपण आपण कॉलेजात परीक्षेसाठी 'विरहभावना' म्हणून पाठ केलं, ते या घरातलं आहे. आणि प्रकाश नारायण संत हे लेखनापुरतं नाव. कागदोपत्री ते भालचंद्र गोपाळ दीक्षित. इंदिराबाईंचं माहेरचं आडनाव दीक्षित. मी एवढंच लिहिते, लंपन म्हणजेच ते असं म्हणत नाही. पण पुस्तकावर मात्र त्यांनी वडिलांचं नाव घातलं, नारायण, आणि संत हे आडनाव. कव्हर काढून मी ते नाव किती वेळ बघत बसले होते.

आणि 'वनवास' आला १९९४ साली. ते तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. कराडला कॉलेजात भूशास्त्र शिकवण्यात त्यांची नोकरी गेली. साठच्या दशकात थोडं लिहून झालं होतं, मग कितीतरी वर्षं शांत. म्हणजे आपल्याला जे कोवळं वाटलं ते पन्नाशी उलटलेल्या माणसानं लिहिलंय. कदाचित म्हणूनच त्यात राग नाही. लहानपणाबद्दल राग धरायचा तर विशी-तिशीत धरतात. त्यांनी सगळं थरांसारखं खाली बसू दिलं आणि मग एक एक दगड हलक्या हातानं उचलून दाखवला. असं मला वाटतं.

आजीचंही तसंच झालं. पूर्वी आजी म्हणजे धाक, खायला करणारी, रागावणारी, मायेची, बस. आता मला तिचं वय दिसलं. आपली मुलं वाढवून झाल्यावर पुन्हा एक पोर हाताशी घ्यायचं, त्याचं दूध, त्याची शाळा, त्याची दुखणी, गावभर उंडारून आला की त्याचे पाय. माझी आई बहात्तरची आहे. गेल्या खेपेला मी चार दिवस राहिले तर बघितलं, ती पाटावरून उठताना आधी डावा हात ओट्याच्या कडेला लावते, मग उजवा, मग एक क्षण थांबते आणि मग उठते. उठली की लगेच नकुलच्या ताटात भाताची खरपुडी वाढते, वर तूप. "एवढं ख्खा की, वाढायचं वय आहे." संध्याकाळी त्याच्याकडून कानडी अक्षरं गिरवून घेते. मी सातवीत असताना तिला असं माझ्यापाशी बसायला कधी वेळ झाला नव्हता. मी दारातून बघत होते. हेवा वाटला आणि बरंही वाटलं.

लंपनच्या बाबांच्या जाण्याचा भाग येतो तो मी एकटीनं वाचू शकले नाही. ह्यांना शेजारी बसवलं आणि मनात वाचला. ऑपरेशनच्या आदल्या रात्री नकुलनं मला काहीही न विचारता दोनदा उठून बाबांच्या खोलीत डोकावलं होतं, ते तेव्हा आठवलं. मुलांना सगळं कळतं, फक्त ती दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत राहतात. लंपन तेच करतो. तो बसचा नंबर दाखवणारा मुलगा आहे.

सगळंच तितकंच आवडलं असं नाही, तेही लिहिते, नाहीतर म्हणशील हिला काही दिसतच नाही. चारही पुस्तकं लागोपाठ वाचली तर ते आकडे आणि ते 'मॅड' पुढे पुढे सवयीचं होतं, धार कमी वाटते. मला 'झुंबर'मध्ये तसं वाटलं. तो दोष पुस्तकाचा कमी आणि माझ्या अधाशीपणाचा जास्त. या कथा मुळात वर्षानुवर्षांच्या अंतरानं आल्या. 'वनवास' १९९४, 'शारदा संगीत' १९९७, 'पंखा' २००१. आपण मधली वर्षं वाट बघत मोठ्या झालो. 'पंखा' आला तेव्हा तू लग्न होऊन बडोद्याला गेली होतीस, मी तो एकटीनं वाचला आणि कुणाला मॅड म्हणायचं ते कळेना. तेव्हा तू एका रात्री एकच कथा वाच. दुसरीला हात लावू नकोस.

आणि 'शारदा संगीत' सगळ्यांत आधी वाचलंस तरी चालेल. गाण्याच्या क्लासचं ते सगळं अजून जसंच्या तसं आहे. सुरांबद्दल इतकं लिहून त्यात एक शब्द गाण्याच्या जाणकारीचा वाटत नाही, मुलगा कान देऊन बसलाय एवढंच. तुझी पेटी आठवली. वाजवतेस का अजून?

पूर्वी लंपन वाचून झाला की मला मोकळं वाटायचं, अंगणात जाऊन पळावंसं वाटायचं. आता तसं झालं नाही. पुस्तक मिटलं आणि बेळगावला फोन लावला, रात्रीचे साडेदहा वाजले होते. आईनं घाबरून उचलला. नकुल झोपला होता. मी म्हटलं, उठवू नकोस, नुसता फोन त्याच्या जवळ धर. तिनं काही न विचारता धरला. मी त्याचा श्वास ऐकला. मग आई हळूच म्हणाली, "तुला पुण्याला शिकायला ठेवलं तेव्हा आमच्याकडं फोन नव्हता गं." एवढंच बोलली आणि ठेवला. एकोणतीस वर्षांत ती हे मला पहिल्यांदा म्हणाली.

तेव्हा वाच. तुझी भीती खोटी नाही, जुनं पुस्तक जसंच्या तसं मिळणार नाही तुला. पण वाच.

गेल्या वर्षी 'लंपन' मालिका आली ती नकुलनं माझ्याबरोबर बघितली होती, पुस्तकाला मात्र हात लावला नव्हता. गेल्या आठवड्यात आईनं वाचनालयातून त्याला 'वनवास' आणून दिला. काल फोनवर म्हणाला, संपला, पुढचा कुठाय? वाचनालयातला 'शारदा संगीत' कुणीतरी नेलाय म्हणे. मला इथेही तो लायब्ररीतूनच आणावा लागला, कारण माझी प्रत सापडत नाही. निळी शाई सांडलेली होती मागच्या पानावर. माझा दाट संशय आहे की ती तुझ्याकडे आहे. माळ्यावर बघ, तुझ्या आईनं बांधून दिलेल्या खोक्यात. सापडली तर दिवाळीला बेळगावला येशील तेव्हा घेऊन ये. मी तुझा 'वनवास' आणते.

ह्यांची तब्येत आता पुष्कळ बरी आहे, जिना चढतात. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मेघा