कैरोतल्या त्या बवाब काकाकाकूंचे आभार

अरबी शिकायला कैरोला आले आणि उतरले तो नेमका शुक्रवार, म्हणजे इथे सुट्टी, युनिव्हर्सिटीचं ऑफिस बंद. ज्या एजंटने दोक्की भागात रूम ठरवून दिली होती त्याचा फोन स्विच ऑफ. बॅगा घेऊन बिल्डिंगखाली उभी, रडायचीच बाकी होते. त्यात माझी पुस्तकी अरबी कोणाला कळेना.

तिथल्या बवाब काकांनी (आपला वॉचमनच, पण हे बायकोपोरांसकट तळमजल्यावर राहतात आणि अख्खी बिल्डिंग बघतात) आधी स्वतःची खुर्ची दिली, मग स्वतःच्या मोबाईलवरून मालकिणीला फोन लावत बसले, जुम्म्याची नमाज होईपर्यंत ती उचलेना तरी सोडलं नाही. तेवढ्यात काकूंनी फूल (बाकल्याच्या दाण्यांची इथली उसळ) आणि गरम ऐश (इथली रोटी) आणली, वर जिरं, लिंबू पिळलेलं. मला खाता येतंय का बघून पहिला तुकडा त्यांनीच मोडून हातात दिला, तेव्हा मात्र डोळे भरून आले.

किल्ली आली, लिफ्ट बंद, तर काकांनी बॅगा खांद्यावर टाकून वर नेल्या, नळाला पाणी येतंय ना तेही बघितलं. पैसे द्यायला गेले तर छातीवर हात ठेवून नको म्हणाले. आणि मला सगळ्यांनी सांगितलेलं की इजिप्तमध्ये बक्षिसीशिवाय पान हलत नाही!

काकाकाकू, मनापासून थँक्यू.