विषय: वाळल्यावरही पाण्याने सुटणारा हस्तिदंती रंग

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

दिनांक: 14 ऑक्टोबर 2025

महोदय,

मी 38 वर्षं शिंपीकाम केलं. गुडघ्यांनी मशीनचं पायडल नको म्हटल्यावर दुकान मुलाकडे दिलं आणि आता भिंगाच्या दिव्याखाली दोन इंचांच्या माणसांना कपडे चढवतो, म्हणजे रंगवतो.

यंदा जुलैत मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्या आनंदात सोसायटीतल्या पोरांनी दिवाळीत रायगड करायचा आणि त्यावर 6 जून 1674 चा राज्याभिषेक मांडायचा असं ठरवलं. बाजारातली मातीची चित्रं नकोत म्हणाले (किल्ल्यावरच्या पुतळ्यांना आम्ही चित्रंच म्हणतो). 54 मिलिमीटर उंचीची 22 चित्रं रेझिनमध्ये छापून आणली आणि कपडेपट माझ्या गळ्यात पडला. त्यासाठी 12 सप्टेंबरला तुमचा 24 ॲक्रिलिक रंगांचा संच आणि तीन ब्रश मागवले. एकूण 2,340 रुपये.

पांढरा जामा रंगवायचा म्हणजे पांढरा फासायचा नसतो. आधी हस्तिदंतीचे दोन पातळ हात. मी ते तुमच्याच मिडियमने, म्हणजे रंग पातळ करायच्या द्रावाने, पातळ केले. रात्रभर वाळवण. मग करड्यात थेंबभर तपकिरी घालून ते अगदी पाण्यासारखं करायचं आणि चुण्यांच्या खोबणीत सोडायचं, ते आपसूक खोलात जाऊन बसतं. शेवटी निव्वळ पांढरा, तोही फक्त चुणीच्या माथ्यावर, ब्रशचं टोक जेमतेम टेकवून. कमरेखाली जाम्याचा घोळ कसा पडतो, बंद आवळल्यावर काखेशी कापड कुठे गोळा होतं, हे मला कुणी शिकवायला नको.

मोरोपंतांच्या जाम्यावर करडं पाणी सोडलं आणि खालचा हस्तिदंती सायीसारखा सुटून ब्रशला आला. वाटलं, आपलीच घाई झाली. आणखी दोन दिवस थांबून हंबीररावांच्या पाठीवर, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, पुन्हा करून पाहिलं. तेच. म्हणजे हस्तिदंतीचा हात दिलेले सातही जामे खरवडायच्या लायकीचे झाले.

ॲक्रिलिक पाण्यात मिसळतं खरं, पण पाणी उडून गेलं की त्यातले कण एकमेकांत जिरून प्लास्टिकसारखा पापुद्रा धरतात. मग तो पाण्याने सुटत नाही. त्यात आणि शाळेतल्या जलरंगात फरक तो हाच. तुमच्या बाटलीवर नाव ॲक्रिलिकचं आहे, वागणं जलरंगाचं.

गेल्या वर्षीची तुमचीच अर्धी बाटली घरात होती. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला प्रायमर दिला, डावीकडे जुना हस्तिदंती लावला, उजवीकडे नवा. दोन्हींत ना पाण्याचा थेंब, ना मिडियम. 48 तासांनी काळ्या पॉपलीनची कातरणं ओली करून दोन्ही बाजू दहा-दहा वेळा पुसल्या. जुन्याचं कातरण काळंच राहिलं. नव्याचं पिठात बुडवल्यासारखं झालं. दोन्ही कातरणं आणि झाकण सोबत पाठवतो आहे.

यावर तुमच्याकडून दोन ओळींचं उत्तर आलं. रंगात पाणी जास्त घातल्याने असं होतं, आणि माल परत करण्याची सात दिवसांची मुदत संपली आहे. जास्त पाण्याने पापुद्रा कच्चा राहतो हे मला ठाऊक आहे, म्हणून तर झाकणावर पाण्याविना करून पाहिलं. ते मी कळवलंही होतं. कुणी वाचलेलं दिसत नाही. राहिली मुदत. कापड आटतं की नाही हे गिऱ्हाइकाला पहिल्या धुण्यात कळतं, दुकानाची पायरी उतरताना नाही. आटलेला सदरा घेऊन आलेल्याला ‘तुम्ही तो पाण्यात घातलाच का’ असं मी एकदाही विचारलं नाही.

सोनेरीबद्दलही लिहितो. खऱ्या जाम्याला दोन इंची जरीकाठ असेल तर या चित्रावर तो जेमतेम दीड मिलिमीटर भरतो. तुमच्या ‘अतिसूक्ष्म’ सोनेरीत चमकीचे कण इतके भरड की काठाऐवजी वाळूची रांग दिसते. मी खाली मातकट पिवळी रेघ ओढून वर सोनेरीचे नुसते ठिपके दिले आणि वेळ निभावली, त्यामुळे त्याचे पैसे मागत नाही. ‘अतिसूक्ष्म’ हा शब्द तेवढा बाटलीवरून काढा. इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडनच्या कोटाची बटणं मात्र टाचणीच्या टोकाने याच सोनेरीत छान उठली, हेही सांगायला हवं.

ब्रशांपैकी सर्वांत बारीक ब्रशचं टोक तिसऱ्या दिवशी आकड्यासारखं वळलं. कृत्रिम केसांचं असं होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

माझी मागणी अशी: हस्तिदंतीचा हा घाणा तपासा आणि काय निघालं ते लेखी कळवा. संचाचे पूर्ण पैसे परत करा. बदली बाटली याच घाण्यातली असेल तर ती पाठवू नका. 15 दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, तक्रार नोंदवीन. तिथेही भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे जिल्हा आयोगाकडे जाईन. झाकण तिथेही दाखवता येईल, म्हणून त्याचे फोटो काढून ठेवले आहेत.

वसुबारस तीन दिवसांवर आली. सातही जामे खरवडून जुन्या बाटलीत उरलेल्या रंगावर भागवतोय. पाच झाले. बाटली संपली, तेव्हा उरलेल्या दोघांना यंदा केशरी जामे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त शिंपी, पुणे

सोबत: बिलाची प्रत, रंगवलेलं झाकण, पॉपलीनची दोन कातरणं, हस्तिदंतीची नवी बाटली (पाऊण भरलेली)