आहारतज्ज्ञ म्हणजे नक्की कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं, की इंजिनियर, आर्किटेक्ट, डाएटिशियन असल्या नावांना कायद्याचं कुलूप कशाला हवं, ज्याचं काम चांगलं त्याच्याकडे लोक जातातच. वाचून आधी पटलं, खरंच पटलं, आणि मग मला एका बाईंची फाईल आठवली.

मी डाएटिशियन आहे, किडनीचे पेशंट जास्त बघते. साठीच्या एक बाई आल्या होत्या, सोबत मुलगी. फाईलमध्ये सगळ्यात वर लॅमिनेट केलेला डाएट चार्ट, कडेनं हिरवी पानं छापलेली, खाली नाव आणि नावाखाली ठळक अक्षरात "आहारतज्ज्ञ". दिवसातून तीनदा फळांचा नाहीतर पालेभाज्यांचा रस. आणि त्याच चार्टच्या मागे टाचलेला रक्ताचा रिपोर्ट, पोटॅशियम 6.3. (ते साधारण 5 च्या आत हवं. किडनी थकली की पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही, रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोकेच बिघडवतं, म्हणून अशा पेशंटचे रस आम्ही पहिले बंद करतो.) बाईंना तसंच डॉक्टरांकडे पाठवलं, ॲडमिट झाल्या, बऱ्या झाल्या. नंतर मुलगी भेटायला आली तेव्हा म्हणाली, "पण मॅडम, ते पण आहारतज्ज्ञच होते ना?" काय सांगणार? शब्द तोच होता, माझ्या दारावरच्या पाटीवर पण तोच आहे.

केस वाईट कापले तर आरशात लगेच दिसतं आणि पुढच्या वेळी माणूस दुसरीकडे जातो, तिथे त्या वाचकाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण आमच्यासारख्या कामात चूक दिसेपर्यंत नुकसान झालेलं असतं, आणि गिऱ्हाईकाला आधीच पारखायचं तर हातात काय असतं, नावापुढचा शब्दच ना. म्हणून मी संरक्षणाच्या बाजूची.

फक्त नुसता शब्द राखून ठेवला की काम झालं असं समजू नका. ब्रिटनमध्ये डायटिशियन म्हणवून घ्यायला हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी लागते, पण न्यूट्रिशनिस्ट कुणीही म्हणवून घ्या, कायदा विचारत नाही. म्हणजे दाराला कडी आणि खिडकी सताड उघडी. आपल्याकडे आर्किटेक्ट हा शब्द 1972 च्या कायद्यानं राखीव आहे, पण 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की बंदी नाव लावण्यावर आहे, ते काम करण्यावर नाही. मग काय, कार्डावर दुसरा एखादा भारदस्त शब्द छापायचा, हाय काय नाय काय.

आणि एक गोष्ट ज्याच्याबद्दल कुणी बोलतच नाही, कायद्यातले शब्द इंग्रजी आणि पाट्या मराठी. 2021 च्या हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या कायद्याच्या यादीत डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोन्ही आहेत, चांगलंच केलं, पण मराठीत दोघांना आपण आहारतज्ज्ञच म्हणतो आणि तिसऱ्या कुणी ज्यानं यातलं काहीच शिकलेलं नाही त्यानं पण तेच लिहिलं तर लोकांना कळणार कसं? वास्तुविशारद आणि वास्तुतज्ज्ञ घ्या, एक घराचा नकाशा काढतो, दुसरा दार कुठल्या दिशेला हवं ते सांगतो, पाटी वाचून किती जणांना फरक कळतो देव जाणे. "तज्ज्ञ" हे शेपूट कशालाही चिकटतं. त्यामुळे शब्द राखायचाच असेल तर लोकांच्या तोंडात असलेला राखा.

आता दुसरी बाजू, कारण आमच्यातले काही जण कायदा म्हटलं की लगेच कुंपण घालायला निघतात. अमेरिकेत ओरेगनमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री असलेल्या एका माणसानं सिग्नलचा पिवळा दिवा किती वेळ हवा याचं गणित मांडलं आणि इंजिनियरांना लायसन्स देणाऱ्या तिथल्या बोर्डाला लिहिताना "मी इंजिनियर आहे" असं म्हटलं, तर लायसन्स नाही म्हणून बोर्डानंच त्याला 500 डॉलर दंड ठोकला! 2018 च्या शेवटी कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला आणि पुढे 2020 मध्ये ट्रान्सपोर्टेशन इंजिनियर्सच्याच संस्थेनं त्याचं म्हणणं आपल्या गाईडलाईन्समध्ये घेतलं. कॅनडात पण इंजिनियर शब्द राखीव, तिथल्या अल्बर्टा प्रांतानं 2023 मध्ये सॉफ्टवेअर इंजिनियरला त्यातून सूट दिली. इतका रोजच्या वापरातला शब्द कुलपात ठेवला की असंच होणार.

माझं म्हणणं असं की इंजिनियरसारखा सगळ्यांचा झालेला शब्द मोकळाच राहू दे, त्याच्याआधी "नोंदणीकृत" लागलं की मात्र ते खोटं लावणाऱ्याला दंड हवा. आणि ज्या कामात जीव जाऊ शकतो, म्हणजे किडनीच्या पेशंटचा डाएट ठरवणं, इमारतीच्या खांबांचा हिशोब करणं, तिथे नावाबरोबर कामच राखीव ठेवा, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो. डिग्री वेगळी असून वर्षानुवर्षं नीट काम करणारे लोक आहेत, मी पाहिलेत, त्यांची परीक्षा घ्या आणि आत घ्या, हे आमच्या काही मैत्रिणींना आवडणार नाही पण असू दे. नोंदणी नंबर कार्डावर आणि चार्टवर सक्तीचा करा, आणि तो फोनवर टाकला की नाव, शिक्षण, तक्रार झाली असेल तर ती पण दिसली पाहिजे.

माझ्या चार्टवर मी माझा नंबर बरीच वर्षं छापते. तो कुठे तपासायचा हे आजपर्यंत एकाही पेशंटनं विचारलेलं नाही.

आपली,
एक डाएटिशियन