मंत्रीसाहेब, आमच्या घरातला कोरोना अजून हप्त्यावर चालू आहे

प्रति,
माननीय पालकमंत्री महोदय,

विषय : कोरोना संपल्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि. मागच्या आठवड्यात आपण आमच्या तालुक्याला आलात. जनता दरबारात मी रांगेत उभी राहून अर्ज दिला. आपण त्याची वरची ओळ वाचली आणि म्हणालात, "ताई, कोरोना जाऊन किती वर्षं झाली? अजून किती दिवस त्याच्या नावानं मागायचं?" मागचे कार्यकर्ते हसले, अर्ज आपल्या पीएच्या पिशवीत गेला, पुढच्या माणसाला बोलावलं. मी अर्जात काय मागितलं होतं ते आपण वाचलंच नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

2021 च्या जूनमध्ये आपणच आमच्या गल्लीत आला होतात, हे आपल्याला आठवत नसेल. ज्या घरातला कर्ता माणूस गेला त्या घरावर बँकेची जप्ती येऊ देणार नाही, असं आपण दारात उभं राहून म्हणालात. त्या गल्लीतल्या माझ्या घरी आता नोटीस आली आहे. 7 लाख 84 हजार. मुदत महिनाअखेरपर्यंत.

आमचा मंडपाचा धंदा. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, 2019 च्या दिवाळीला 6 लाखांचं कर्ज काढून नवे पाइप, कनाती, दोनशे गाद्या आणि जुना छोटा हत्ती टेम्पो घेतला होता. हिशोब सरळ होता : दोन लग्नसराया चांगल्या गेल्या की कर्ज निम्मं. मार्चच्या 25 तारखेला देश बंद झाला. पहिली लग्नसराई अशी गेली. दुसरीच्या ऐन भरात, 22 एप्रिल 2021 पासून, सरकारचा नियम आला : लग्नाला 25 माणसं, दोन तासांत उरकायचं, मोडलं तर 50 हजार दंड. पंचवीस माणसांना मंडप कोण घालतो, साहेब? आणि त्याच आठवड्यात मालक तापाने पडले.

आरटीपीसीआर निगेटिव्ह आला, सिटी स्कॅनचा स्कोर 25 पैकी 18. सरकारी दवाखान्यात ऑक्सिजनचा बेड नाही. महात्मा फुले योजना सगळ्यांना लागू केल्याची जाहिरात होती, पण ज्या खाजगी दवाखान्यात जागा मिळाली तिथे "योजनेचे बेड फुल" होते. सरकारनं दर ठरवले होते हे मला माहीत आहे, दिवसाला 4 हजार, आयसीयू साडेसात, व्हेंटिलेटर 9 हजार. औषधं वेगळी, पीपीई किट वेगळे, आणि त्या "वेगळ्या"तच माझं मंगळसूत्र आणि गावाकडचं एक एकर रान गेलं. रेमडेसिविर कुणाकडून कितीला आणलं ते इथे लिहीत नाही, आणून देणारा पोरगा भला होता. नवव्या दिवशी मालक गेले.

सुप्रीम कोर्टानं सांगितलं तेव्हा 50 हजार रुपये द्यायचं ठरलं. रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणून आधी नाकारले. मग समितीपुढे स्कॅनच्या फिल्मा दाखवल्या, मग मिळाले. पाच वर्षांवर पसरले तर दिवसाला 27 रुपये पडतात. चहा-पोहेसुद्धा होत नाहीत. "मदत दिली की" असं म्हणताना हा आकडा सोबत म्हणत जा.

बाकी जी मदत म्हणून मिळाली ती सगळी कर्जच होती. 20 लाख कोटींचं पॅकेज टीव्हीवर ऐकलं तेव्हा मालकांनी साखर वाटायची बाकी ठेवली होती. हाती काय आलं? सहा महिने हप्ता भरू नका म्हणाले, पण व्याज थांबवलं नाही, ते मुद्दलात चढलं. मग बँकेनं सरकारी हमीवर शिल्लक कर्जाच्या 20 टक्के जादा कर्ज दिलं, म्हणजे बुडत्याच्या खांद्यावर आणखी एक पोतं. फेरीवाल्यांना स्वनिधीचे 10 हजार होते, तेही कर्जच, आणि मंडपवाला फेरीवाल्यात बसत नाही. मालक गेल्यावर हप्ते थकले, सिबिल, म्हणजे बँकेतली पत, पडलं. आता कुठलीही बँक दारात उभं करत नाही, म्हणून धंद्याला लागणारे पैसे शेकडा तीन रुपयांनी उचलते. महिन्याला शेकडा तीन. वर्षाचे किती ते आपले अर्थखात्याचे अधिकारी सांगतील.

आणि आमच्या दोनशे गाद्या. त्या 2020 मध्ये एका सरकारी कार्यालयानं विलगीकरण केंद्रासाठी मागून नेल्या. मंडप, गाद्या, पंखे, सगळं. आम्ही खुशीनं दिलं, गाव अडचणीत होतं. गाद्या परत आल्या तेव्हा गावात नाव पडलं, "कोरोनाच्या गाद्या". पुढे दोन वर्षं त्या लग्नात कुणी घातल्या नाहीत, शेवटी खोळी काढून कापूस मातीमोल विकला. बिल अजून आलेलं नाही. विचारलं की सांगतात, "मंजूर आहे, निधी नाही." ज्या सरकारनं माझे पैसे थकवले त्याचं सिबिल कोण बघतं?

आपण म्हणता कोरोना संपला. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल 2022 मध्ये छापलेल्या अहवालात लिहिलं आहे की कोरोनानं झालेलं नुकसान भरून निघायला 2034-35 साल उजाडेल. हे मी नाही, नोटा छापणारी बँक म्हणते. एकट्या 2020-21 मधलं नुकसान 19 लाख कोटींच्या वर धरलंय. 2034-35 ला माझी धाकटी 24 वर्षांची असेल. म्हणजे देशाला पंधरा वर्षं लागणार आणि मला पाच वर्षांत "किती दिवस"?

धंद्यातून दिसणारी एक गोष्ट सांगते, ती कुठल्या अहवालात नसेल. त्या दोन वर्षांत मंडप नव्हते, पण लग्नं थांबली नव्हती. शेतात, घराच्या मागे, रात्री उरकली. मानपान नाही, बस्ता नाही, जेवणावळ नाही, शाळा बंद. आई-बापांना वाटलं, एवढ्या कमी खर्चात पुन्हा कधी होणार? नववी-दहावीतल्या पोरी दिल्या. परभणी जिल्ह्यात कोरोनाच्या आधीच्याच सरकारी पाहणीत 20 ते 24 वयाच्या शंभरातल्या 48 बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली होती. आता त्या नववीतल्या पोरी दोन-दोन लेकरं घेऊन ऊसतोडीला जातात, कोयत्याची उचल घेऊन. माझ्या मंडपात ज्यांची लग्नं लागली असती, त्या आता हंगामाला माझ्याकडे भांडी घासायचं काम मागायला येतात. याला नुकसान म्हणायचं की नाही, ते कुठल्या रकान्यात मांडायचं?

माझ्या सासऱ्यांची आई मानमोडीची गोष्ट सांगायची. 1918 चा ताप, तेव्हा इकडे निजामाचं राज्य. घरातले दोन तरणे भाऊ एका आठवड्यात गेले, औत धरायला माणूस उरला नाही, नदीकाठचं रान सावकाराकडे गेलं. ते रान आजही आमचं नाही. त्यावर आता पेट्रोल पंप आहे. माझा मोठा एमपीएससीची पुस्तकं वाचतो, त्यात आहे म्हणे की 1911 ते 1921 या एकाच दशकात देशाची लोकसंख्या वाढायची सोडून घटली. पुस्तकात माणसं मोजली, गेलेलं रान कोण मोजतो? त्याच मोठ्याचं इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सुटलं. आता दिवसा छोटा हत्ती चालवतो आणि रात्री आपल्या सरकारनं न काढलेल्या जागांचा अभ्यास करतो.

आपलं सरकार अगदीच काही करत नाही असं नाही. 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करा म्हणून परिपत्रक आलं. चांगलं आलं, परिपत्रकाला निधी लागत नाही. संजय गांधी निराधारसाठी गेले तर वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आतलं दाखवा म्हणाले. 21 हजारांत वर्ष काढणारी बाई जिवंत असेल तर मला दाखवा. लाडकी बहीण मिळते, 1500. 2100 करणार होतात, ते निवडणुकीपुरतं होतं हे आम्हाला कळायला हवं होतं. मग ई-केवायसी काढलीत, त्यात पतीचा किंवा वडिलांचा आधार टाका म्हणे, त्यांच्या मोबाईलवर ओटीपी येईल. माझे वडील 2009 ला गेले. मालकांचा नंबर कधीच बंद झालाय. कुठल्या मोबाईलवर ओटीपी पाठवणार होतात?

मराठवाड्याचं नेहमीचंच आहे. 2016 ला संभाजीनगरात मंत्रिमंडळ बसलं, 49 हजार कोटींच्या घरात घोषणा. 2023 ला परत बसलं, 45 हजार कोटी, सिंचनाचे वेगळे. त्यातला रुपया आमच्या तालुक्यात कुठे पडला असेल तर जागा दाखवा, मी तिथे मंडप घालते, फुकट. आणि जे विकास मंडळ आमचा अनुशेष मोजायचं, त्याची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. देश घरात बसला होता तेव्हा. त्यानंतर आठच दिवसांनी जालन्याच्या स्टील कारखान्यातून गावाकडे चालत निघालेली सोळा माणसं करमाडजवळ रुळावर मालगाडीखाली गेली. दोन्ही बातम्या एकाच पंधरवड्यातल्या. एक सगळ्यांना आठवते, दुसरी कुणालाच नाही.

2025 च्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन पाण्यात गेलं. 31 हजार 628 कोटींचं पॅकेज निघालं, छान. त्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 होता, आडतीवर तो कुणाला मिळाला ते विचारून बघा. ज्या वर्षी सोयाबीन जातं त्या वर्षी लग्नात मंडप लहान होतो. बँक मात्र हप्ता लहान करत नाही.

अर्जात मी इतकंच मागितलं होतं : ज्या घरातला कर्ता कोरोनात गेला त्या घरांच्या धंद्याच्या कर्जावरचं 2020 आणि 2021 चं व्याज सोडा आणि मुद्दल हप्त्यानं भरू द्या. त्या दोन वर्षांची थकबाकी सिबिलमधून काढायला केंद्राकडे शब्द टाका. आणि विलगीकरण केंद्राची थकलेली बिलं द्या. त्या बिलातून माझे चार हप्ते निघतात, बाकीचे मी भरते. मला कर्जमाफी नकोय.

नोटिशीची मुदत महिनाअखेरची आहे. उत्तर लेखी पाठवा, पीएचा फोन नको. त्याआधी काही आलं नाही तर छोटा हत्ती विकावा लागेल, गिऱ्हाईक बघून ठेवलं आहे.

आपली,
एक मंडपवाली
मराठवाडा