पुराव्याचे ओझे माजी सैनिकावर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माजी सैनिकांचा विषय निघाला की चर्चा बहुधा निवृत्तिवेतनाच्या रकमेपाशी येऊन थांबते. रक्कम महत्त्वाची आहेच. पण मला त्याहून जास्त छळतो तो दुसराच प्रश्न: सेवेत जडलेला आजार सेवेमुळेच जडला, हे सिद्ध कोणी करायचे? ठिकठिकाणी हे काम आजारी माणसाच्याच गळ्यात घातले गेले आहे, आणि हा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

गोळीची जखम दिसते, तिची लगेच नोंद होते. श्वासावाटे आत गेलेला विषारी धूर, किरणोत्सर्ग, कानाशी वर्षानुवर्षे झालेले धमाके यांची नोंद त्या दिवशी कोणी करत नाही. आजार डोके वर काढतो तो पुढे कधीतरी, गणवेश उतरल्यावर. मग त्या माणसाला विचारले जाते, तुम्ही तेव्हा नेमके कुठे होता, तिथल्या हवेत काय होते, कागद दाखवा. कागद असतात ते सैन्याकडे आणि खात्याकडे. ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्याकडे पुरावा मागायचा आणि तो देता आला नाही की दावा फेटाळायचा, याला न्याय कसे म्हणायचे?

व्हिएतनाममध्ये अमेरिकेने 1962 ते 1971 या काळात जंगलांवर तणनाशके फवारली. त्यांतल्या ‘एजंट ऑरेंज’मध्ये डायॉक्सिन हे अतिविषारी द्रव्य होते. तिथे सेवा केलेल्या सैनिकाला ठरावीक आजार झाले तर ते सेवेमुळेच झाले असे गृहीत धरायचे, हा कायदा आला 1991 मध्ये. मधल्या वीस वर्षांत किती जण वाट पाहत गेले असतील! (ज्यांच्या गावांवर ते विष पडले त्या व्हिएतनामी लोकांचे देणे हा आणखी मोठा विषय आहे.) एवढे घडूनही पुढे इराक आणि अफगाणिस्तानातल्या तळांवर उघड्या खड्ड्यांत प्लॅस्टिक, रसायने, वैद्यकीय कचरा असे सगळे जाळले गेले. त्या धुरात राहिलेल्यांसाठी व्यापक कायदा व्हायला 2022 साल उजाडले.

अणुचाचण्यांच्या वेळी हजर असलेल्या सैनिकांची कथा तर याहून क्लेशदायक आहे. अमेरिकेत त्यांच्यावर गुप्ततेचे बंधन होते. कायद्याने ते उठले 1996 मध्ये. तोवर आपण कुठे होतो, काय पाहिले, हे आपल्या डॉक्टरलाही मोकळेपणाने सांगायची चोरी. ब्रिटनने 1952 पासून घेतलेल्या चाचण्यांत सहभागी झालेल्यांसाठी पदक जाहीर झाले 2022 मध्ये. आणि स्वतःच्याच रक्त-लघवीच्या तपासण्यांचे जुने अहवाल मिळवण्यासाठी त्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना झगडावे लागले.

मनाच्या जखमांना तर दीर्घकाळ जखम मानलेच गेले नाही. पहिल्या महायुद्धात पळून जाणे, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने स्वतःच्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतले कित्येक जण आघाताने खचलेले होते, असे आज मानले जाते. त्यांपैकी 306 जणांना मरणोत्तर माफी मिळाली 2006 मध्ये. आघातानंतरच्या मानसिक विकाराला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात जागा मिळाली तीही 1980 मध्ये, व्हिएतनाम युद्ध संपल्यावर पाच वर्षांनी. आजही चिडचिड, दारू, वरिष्ठांशी भांडण हे सारे बेशिस्त म्हणून नोंदले जाते, माणूस शिक्षेने बाहेर पडतो आणि त्या शेऱ्यामुळे उपचाराचा हक्कही गमावू शकतो. आजाराचे लक्षण हाच गुन्हा ठरतो. शिक्षेचा कागद पक्का करण्याआधी मनोविकारतज्ज्ञाने त्या माणसाला तपासलेच पाहिजे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये याबाबत फार नेमकी भूमिका घेतली. भरती होताना ज्याच्या कागदावर आजाराची नोंद नाही, तो तेव्हा निरोगी होता असे धरायचे. पुढे त्या आजारामुळे त्याला सेवेतून काढले, तर आजार सेवेमुळे आला असे मानायचे. तसे नसेल तर ते दाखवण्याची जबाबदारी सरकारची. तरीही असे दावे सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढे येतच राहिले.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, खोटे दावे वाढतील. पण गृहीत धरणे म्हणजे डोळे मिटून मान्य करणे नव्हे. दुसरे कारण दाखवण्याची मुभा सरकारला राहतेच, आणि तज्ज्ञ, नोंदी, प्रयोगशाळा हे सगळे सरकारकडे असते. दुसरा आक्षेप खर्चाचा. अमेरिकी यादवी युद्ध 1865 मध्ये संपले आणि त्यात लढलेल्या एका सैनिकाच्या मुलीला 2020 पर्यंत, तिच्या मृत्यूपर्यंत, निवृत्तिवेतन मिळत होते. युद्धाचा खर्च इतका लांबवर जातो. दारूगोळ्याचा हिशोब करताना हा हिशोबही तेव्हाच मांडायला हवा. पैसे नाहीत हे कारण नंतर आजारी माणसाला ऐकवता येणार नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. दावा दाखल झाला की उपचार त्याच दिवशी सुरू व्हावेत, कारणाचा वाद मागाहून मिटवावा. दावेदार दगावला तर त्याची पत्नी किंवा पती, जे इतकी वर्षे शुश्रूषा करत असतात, त्यांना नव्याने सुरुवात करायला न लावता तोच दावा पुढे चालावा. आणि सेवामुक्त होणाऱ्या प्रत्येकाची संपूर्ण तपासणी करून, तो कुठे, किती काळ आणि कशाच्या संपर्कात होता याच्या नोंदीसह वैद्यकीय कागदांची पूर्ण प्रत निरोपाच्या दिवशीच त्याच्या हाती द्यावी.

आपला,
एक वाचक